सोडणाऱ्यांचं मंडळ

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये पिणाऱ्यांसाठी आर्यमदिरामंडळ आहे. तिथे तळीराम आहे, त्याचे सोबती आहेत आणि नव्या माणसाचं स्वागतही होतं. सुधाकर दारू सोडतो तेव्हा मात्र तो एकटाच असतो. कामासाठी ओळखीपाळखीच्यांकडे जातो, अपमान गिळून परततो आणि पुन्हा प्याला उचलतो. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. तेव्हापासून आपण सुधाकरच्या मोडलेल्या शपथेबद्दल पुष्कळ बोललो. दारू सोडलेल्या सुधाकरला संध्याकाळी सातला जाऊन बसायला जागा कुठे होती, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

ती जागा निर्माण झाली १९३५ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावात. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन न्यूयॉर्कहून तिथे आला होता. नुकतीच दारू सुटलेली आणि ज्या कामासाठी आला ते फसलेलं. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत त्याने एकच मागणी केली : मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त बसले. पुढे ते एकदा घसरलेही. त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, १० जून, हाच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. मला यातलं मोठं वाटतं ते हे, की विल्सन मदत द्यायला निघाला होता तो स्वतः वाचण्यासाठी.

१९५७ साली अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, मुंबईत आली. शाळेचा वर्ग, चर्चची खोली, मिळेल तिथे सभा भरू लागल्या. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या पाठबळावर ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. घरी परतल्यावरचा पाठपुरावा आणि पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट या दोन गोष्टींनी तिथल्या कामाला जी खोली आली, ती नुसत्या औषधांनी आली नसती.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडण्याची रीत जुनी आहे. लोक तिचं श्रेय माळेला देतात. पण माळकऱ्याला एकादशी असते, भजन असतं, दिंडी असते, आणि आला नाही तर विचारणारी माणसं असतात. एएचं मंडळही तसंच आहे.

माझा धाकटा मामा पहिल्यांदा सभेला गेला तेव्हा मी सोबत होतो. सभा ‘खुली’ होती, म्हणजे नातेवाइकांना बसता येतं. ‘बंद’ सभा फक्त मद्यपींसाठी असते. शाळेला त्याने दोन फेऱ्या घातल्या, मग पायरी चढला. आत लहान मुलांची बाकं होती, त्यात मोठ्या माणसांचे गुडघे मावत नव्हते. रजिस्टर नव्हतं, फी नव्हती. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. नाव सांगायचं तेही पहिलंच. एकजण उठला, ‘मी मद्यपी आहे’ म्हणाला, आणि मुलीच्या बारशाला आपण कुठे पडलो होतो ते त्याने सांगितलं. मध्ये कुणी बोललं नाही, सल्ला दिला नाही. कुणाचा तरी ‘वाढदिवस’ होता : दारू सोडल्याला एक वर्ष. पन्नाशीच्या माणसाला लोक टाळ्या वाजवत पेढा भरवत होते आणि मामा जमिनीकडे बघत होता.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. पण सभा म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, भास होतात, जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. सभेतली जुनी माणसंही हेच सांगतात.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलीही मदत मिळते. बाकीच्या सदतीस जणांच्या घरात निदान एक नंबर तरी असावा : १४४४६, व्यसनमुक्तीची मोफत सरकारी हेल्पलाइन. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समाजसेवकाला विचारलं तरी जवळच्या सभेचा पत्ता मिळतो. एका गटात करमलं नाही तर दुसऱ्या गटात जाऊन बघावं. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. बाईमाणसाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणं अवघड जातं, तिने आधी फोनवर महिला सदस्याला गाठून द्यायला सांगावं. आणि पिणारा येत नसला तरी घरच्यांनी अल-अॅनॉनला जावं. बिलच्या बायकोने, लोइसने, १९५१ साली ते त्यांच्यासाठीच सुरू केलं.

त्या संध्याकाळी निघताना एका म्हाताऱ्या सदस्याने बसच्या तिकिटामागे तीन नंबर लिहून मामाच्या खिशात घातले. “प्यायच्या आधी करा,” तो म्हणाला, “नंतर नको.” आठवडाभर तिकीट खिशातच होतं. नवव्या रात्री साडेअकराला मामाच्या खोलीतून हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. मी दार लोटून घेतलं.