भास होतात म्हणजे स्मृतिभ्रंशच का?

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात घरातील वृद्धाने 'अंगणात बिबट्या बसला आहे' असे म्हटले, तर तो भासच असे मानता येत नाही. आधी बॅटरी घेऊन पाहावे लागते. परंतु बंद खोलीत अनोळखी मुले दिसू लागली आणि निदान 'स्मृतिभ्रंश' असे झाले, तर पत्नीने शंका घेणे मुळीच गैर नव्हे.

दोन-चार दिवसांत उद्भवलेला आणि दिवसभरात कमी-अधिक होणारा भ्रम बहुधा 'डिलिरियम'चा असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, एखादे नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे. उपचारांनी तो पुष्कळदा ओसरतो. दृष्टी अधू झालेल्यांना बुद्धी शाबूत असूनही आकृती दिसतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असाच अनुभव नोंदविला. आजोबांना मोतीबिंदू होता.

खरी मेख आहे ती 'लेवी बॉडी' स्मृतिभ्रंशात. यात आरंभी स्मरणशक्ती बरी असते. मात्र माणसे, प्राणी स्पष्ट दिसतात, चाल मंदावते, झोपेत रुग्ण ओरडतो, हातपाय झाडतो. अशा रुग्णास भास थांबविण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिल्यास शरीर ताठरते, क्वचित प्राणावर बेतते. म्हणूनच निदानाचे नेमके नाव महत्त्वाचे.

ही लक्षणे तपासणीच्या दहा मिनिटांत दिसतीलच असे नाही. ती पत्नीनेच पाहिलेली असतात. भास केव्हा सुरू झाले, त्याआधी कोणती गोळी बदलली, हे तारखेनिशी लिहून, औषधांच्या साऱ्या पट्ट्यांसह मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवावे. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.