सहा घरं, पाच काडतुसं

१८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला घरं सहा, पण जाणता माणूस काडतुसं पाचच भरायचा. घोडा खाली असला की त्याची अणी थेट काडतुसाच्या बुडाला टेकायची; रिव्हॉल्व्हर निसटून घोड्यावर आपटलं, तर बार उडायचा. १९७३ मध्ये रुगर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरात घोडा आणि वेगळी बसवलेली अणी यांच्यामध्ये पट्टी घातली. चाप ओढल्याखेरीज ती वर येत नाही आणि घोड्याचा घाव अणीपर्यंत पोचत नाही.

कॅलिफोर्नियात २००१ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं नवं मॉडेल विक्रीआधी एक मीटर एक सेंटिमीटरवरून काँक्रीटवर वेगवेगळ्या बाजूंनी पाडतात. बार उडाला, की नापास. ठरावीक मापांच्या सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरांना मात्र सूट आहे. मला ती पटत नाही. जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांनी घोड्याखालचं घर रिकामंच ठेवावं.