एकशे नऊ नंबरच्या घरातलं बिट

बारावीला बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या आमच्या मंगरूळपीरच्या कुठल्याही मुलाला विचारा, ८०८५ नाव काढलं की तो आधी कपाळाला हात लावेल. दोनशे मार्कांच्या त्या विषयात हा मायक्रोप्रोसेसर ठाण मांडून बसलेला. लॅबमधल्या किटवर ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६ असे आकडे ठोकायचे आणि पाच अधिक तीन आठ होतात हे बघायचं. परीक्षा झाली की पोरं ते सगळं विसरतात. माझं म्हणणं एवढंच, की त्यांनी विसरू नये. तेवढ्या शिदोरीवर चाळीस वर्षांपूर्वीचा एक अख्खा कॉम्प्युटर आतून वाचता येतो, आणि तो कॉम्प्युटर आपल्या पुण्यात बनत होता.

रिवाजाप्रमाणे इतिहास उरकून घेतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं बारसं केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, १९९१ मध्ये परम-८००० आला. तो घडवणारे डॉ. विजय भटकर मूळचे मुरंब्याचे, मूर्तिजापूर तालुक्यातले, म्हणजे आमच्या वऱ्हाडचेच. त्यांच्यावर दिवाळी अंकांतून भरपूर लिहून झालंय. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सवर मात्र कुणी ओळभर लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

या पुण्याच्या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या सिंक्लेअरकडून लायसन्स घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. की-बोर्डच्याच पोटात अख्खं मशीन. घरातला टीव्ही हाच पडदा आणि टेपरेकॉर्डर ही डिस्क. मेमरी ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. प्रोग्राम कॅसेटवरून भरताना टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे आणि कर्कश आवाज यायचा. मिनिटं सरायची, आणि ऐन शेवटी ‘टेप लोडिंग एरर’! ज्यांनी हे भोगलंय त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल.

हे मशीन मिळेल म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जाऊन हिंडलोय. तिथे टेपरेकॉर्डर, रेडिओ, पितळी नळ, टाइपरायटर सगळं दिसलं. स्पेक्ट्रम म्हटल्यावर एका चाचांनी मला चष्म्याची फ्रेम दाखवली. शेवटी लॅपटॉपवर फ्यूज नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, जे हुबेहूब स्पेक्ट्रम बनतं, म्हणजेच इम्युलेटर. स्पेक्ट्रमच्या आतला मूळ रॉम, म्हणजे मशीनमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्राम, इम्युलेटरसोबत वाटायला त्याच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे अ‍ॅमस्ट्रॅडने, परवानगी दिलेली आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ही प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यास करायला मुभा देतं. तेव्हा मनात धाकधूक नको.

आता मुद्द्याचं. स्पेक्ट्रमचं काळीज म्हणजे झेड-८०. इंटेलमध्ये ८०८० घडवणारे फेडेरिको फॅगिन तिथून बाहेर पडले, त्यांनी झायलॉग कंपनी काढली आणि १९७६ मध्ये हा प्रोसेसर आणला. ८०८० चे प्रोग्राम त्यावर चालावेत म्हणून जुने आकडे तसेच ठेवले. ८०८५सुद्धा त्याच घराण्यातला. त्यामुळे स्पेक्ट्रमचा रॉम उघडला की पहिले आठ बाइट दिसतात: एफ३, एएफ, ११, एफएफ, एफएफ, सी३, सीबी, ११. आपल्या बारावीच्या भाषेत डीआय, एक्सआरए ए, एलएक्सआय डी, जेएमपी. एकही अनोळखी नाही! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. बायको म्हणाली, ‘काय झालं?’ काय सांगणार?

पण माझा जीव खरा अडकलाय तो रॉममधल्या १०९ नंबरच्या घरात, म्हणजे १०९ व्या पत्त्यावरच्या बाइटमध्ये. प्रोसेसरला एनएमआय नावाची एक पिन असते. तिला इशारा मिळाला की हातातलं काम टाकून तो थेट १०२ नंबरच्या घरी धावतो. तिथे लिहिलंय: २३७२८ मध्ये ठेवलेला पत्ता बघ. पत्ता शून्य असेल तर गुपचूप परत फिर, नाहीतर त्या पत्त्यावर जा. निदान तसं लिहायचं होतं. लिहिलं गेलं उलटं. तुम्ही पत्ता दिलात तर मशीन ढुंकून बघत नाही. पत्ता शून्य असेल तर मात्र शून्यावर उडी मारतं, म्हणजे सगळं पुसून पुन्हा सुरू होतं. १०९ मध्ये हवे होते ४०, आहेत ३२. बायनरीत मांडून बघा, फरक एका बिटाचा.

इयान लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी हा १६ किलोबाइटचा रॉम सूचना-सूचना सोडवून १९८३ मध्ये पुस्तकच काढलं. कॉप्या करणाऱ्यांना अडवायला १०९ मधली ही चूक मुद्दाम केली, असा तर्क हौशी मंडळींत चालतो. मला तो पटत नाही. घाईत निसटलेल्या जागा त्या रॉममध्ये आणखीही आहेत, ही त्यातलीच एक.

दुरुस्ती करून बघायची असेल तर रॉमची प्रत काढा आणि हेक्स एडिटरने १०९ वर (हेक्समध्ये ६डी) ४० (हेक्समध्ये २८) लिहा. ती प्रत फ्यूजला द्या. मग ३२७६८ पासून पोक करा: ६२, २, २११, २५४, २२५, २४१, २३७, ६९. पुढे २३७२८ मध्ये ० आणि २३७२९ मध्ये १२८. मेनूतून एनएमआय दाबा, पडद्याची कड लालभडक होते. या आठ आकड्यांतले पहिले सहा निव्वळ ८०८५ चे आहेत: एमव्हीआय, आउट आणि दोन पॉप. शेवटची जोडी तेवढी झेड-८० ची. पावसाळ्यात लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर बसून मी हे केलं, आणि दिवाळीच्या अनारानेही इतका आनंद कधी दिला नव्हता.

झेड-८० चं मूळ रूप बंद करत असल्याचं झायलॉगने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण जुनी मशीन्स अजून कुणाकुणाच्या माळ्यावर असणारच. वाचकांपैकी कुणाकडे डीबी स्पेक्ट्रम निघाला, तर विनंती आहे, मिळेल तो अ‍ॅडॉप्टर त्यात खुपसू नका. त्याला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांची ती धन असते, उलटं लावलं तर मशीन जळेल. कॅसेटी असतील तर त्या आधी चांगल्या डेकवर वाजवून आवाज कॉम्प्युटरवर वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. भंगारवाला काय, पुढच्या महिन्यातही येईल.