खिसा रिकामा, मैदान भरलेलं

शनिवारी कोलकात्याच्या कचेऱ्या दुपारीच सुटत. लालदिघीभोवतीच्या इमारतींतून कारकुनांचा लोंढा बाहेर पडे. गावी बिऱ्हाड असलेले हावडा नाहीतर सियालदाहची गाडी गाठत. ज्यांना गाडीभाडं परवडत नसे, ते एस्प्लनेडकडे वळत. १९३०च्या पुढची चारपाच वर्षं न परवडणाऱ्या गोष्टींची यादी लांबत चालली होती.

न्यूयॉर्कचा शेअर बाजार १९२९च्या ऑक्टोबरात कोसळला, त्याची झळ बंगालला तागातून लागली. जगभरचं धान्य आणि साखर ज्या गोण्यांतून फिरे, त्या हुगळीकाठच्या गिरण्यांत विणल्या जात. व्यापार आटला, तागाचा भाव निम्म्याहून खाली आला. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणून जमीनदाराची वसुली थकली, वकिलाचे पक्षकार घटले, आणि बी.ए. झालेला मुलगा मेसमधल्या खाटेवर जाहिराती वाचत बसला. मेस म्हणजे खोल्या वाटून घेतलेल्या पुरुषांचा संसार. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांचाच पांढरपेशा भाऊ. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्षी याच दशकात, अशाच एका मेसमध्ये वाचकांना भेटला.

या माणसांची संध्याकाळ एस्प्लनेडने सांभाळली, असं मला ठामपणे वाटतं. ट्राम इथेच येऊन थांबत आणि समोर मैदान पसरलेलं होतं. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधला तेव्हा तोफांच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून भोवतालची जमीन मोकळी ठेवली. लष्कराची ही गरज पुढे शहराच्या कामी आली. फिरायला, बसायला, वाद घालायला दमडी लागत नसे.

आणि फुटबॉल! ऐन पावसाळ्यात, चिखलात, संध्याकाळी सामने रंगत. गॅलऱ्या लाकडी आणि अपुऱ्या. तिकीट न मिळालेले किल्ल्याच्या बाजूच्या उंचवट्यावर उभे राहत, झाडांवर चढत, पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून केलेल्या पेरिस्कोपमधून गर्दीच्या डोक्यांवरून खेळ पाहत. मोहन बागान या देशी संघाने १९११मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली होती, पण कलकत्ता लीग मात्र गोऱ्या संघांकडेच राहत आली होती. ती १९३४मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली. पहिल्या विभागातल्या आपल्या पहिल्याच मोसमात. मग १९३८पर्यंत सलग पाच वर्षं हा किताब त्यांच्याकडेच राहिला. अनवाणी खेळणाऱ्या देशी खेळाडूंचे पाय ओल्या मैदानावर घसरत. मोहमेडनच्या खेळाडूंनी पावसात बूट घालून खेळायची सवय केली, बंगालबाहेरूनही चांगले खेळाडू आणले. पोटाची विवंचना असलेल्या माणसाला आपला संघ साहेबांच्या संघाला धूळ चारताना दिसणं म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या आकड्यांत मावत नाही.

सामना संपला की चहा. त्या चहाचाही मंदीशी संबंध आहे. परदेशात भाव कोसळल्यावर भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांनी १९३३मध्ये निर्यातीवर मर्यादा घालायचा करार केला. उरलेला चहा कोण पिणार? मग मळेवाल्यांच्या प्रचारसंस्थेने देशी गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. बाजारांत, स्टेशनांवर चहा करून दाखवला, पाजला. बंगाली गप्पांच्या अड्ड्यावरच्या पेल्याला जागतिक बाजाराचा असा हातभार लागला आहे.

चार पैसे असतील तर सिनेमा. चौरंगीवर १९३५मध्ये हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने मेट्रो थिएटर उघडलं. मुंबईकरांच्या धोबी तलावावरचं मेट्रो त्याच कंपनीचं, पण तीन वर्षांनी धाकटं. इथे इंग्रजी चित्रपट. बंगाली बोलपट पाहायचा तर उत्तरेकडे ‘चित्रा’ गाठावं लागे. बी. एन. सरकारांच्या न्यू थिएटर्सने १९३५मध्ये आणलेल्या ‘देवदास’च्या हिंदी आवृत्तीत कुंदनलाल सैगल होते, एके काळचे टाइपरायटरचे विक्रेते. त्याआधी १९३३च्या ‘राजरानी मीरा’त मीरा झाल्या होत्या आपल्या दुर्गा खोटे. सासरची सुबत्ता ओसरल्यावर शिकवण्या करून संसार रेटणारी ही मराठी बाई मुंबईहून कोलकात्याला येऊन काम करत होती, हे लक्षात ठेवायला हवं. पडद्यावरच्या झगमगाटामागेही त्या दशकात कमाईची निकड होती.

हीच मोकळी जागा संतापालाही पुरली. सुभाषबाबू महापौर असताना २६ जानेवारी १९३१ रोजी मैदानाकडे मिरवणूक घेऊन निघाले आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. सप्टेंबरात हिजलीच्या बंदिवासातल्या राजबंद्यांवर गोळीबार झाला, तेव्हा ऑक्टरलोनी स्मारकाच्या पायथ्याशी सत्तरीतले रवींद्रनाथ निषेधाला उभे राहिले. आता ते स्मारक शहीद मिनार म्हणून ओळखलं जातं.

मैदान आजही लष्कराच्याच ताब्यात आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडनचे तंबू तिथेच आहेत. २०२४मध्ये एस्प्लनेडहून हुगळीच्या तळाखालून हावड्याला जाणारी मेट्रो सुरू झाली, आणि त्याच वर्षी एस्प्लनेड ते मैदान एवढाच एक मार्ग ठेवून बाकीच्या ट्राम बंद करण्याचं सरकारने जाहीर केलं. ट्राम हे गरिबाचं स्वस्त वाहन होतं. ती फक्त पर्यटकांसाठी उरावी, हे मला मान्य नाही.