रॉयल पामच्या खोडाला पोट का येतं?

झाडांवर बोलायला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न आंब्यावर येतील असा माझा अंदाज होता. येतात ते रॉयल पामवर. इंदूर, बडोदा, हैदराबाद, हुबळी, रायपूर, जिथे जिथे आपला माणूस घर करून राहिला आहे आणि घराच्या पुढे कॉलनीचं गेट आहे, तिथे त्या गेटच्या दोन्ही अंगांना हे झाड उभं असतंच. आणि प्रश्नही बहुतेक वेळा एकच असतो : "साहेब, खोड मध्येच फुगलंय. रोग तर नाही ना?"

रोग नाही. पण एवढं सांगून भागत नाही. खोडाचा आकार वाचता येत नाही म्हणून लोक धडधाकट झाडं तोडून टाकतात, आणि ज्याची खरोखर काळजी करायला हवी त्या झाडाला दिवाळीत चुना लावून नटवतात.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत याला "बॉटल पाम" म्हणून विकतात, कारण लहानपणी बुंधा बाटलीसारखा फुगीर दिसतो. खरा बॉटल पाम वेगळा. तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावरचा. तो ठेंगणाच राहतो आणि डोक्यावर मोजकी पाच-सात पानं धरतो. आपला रॉयल पाम क्यूबा, फ्लोरिडा त्या बाजूचा. क्यूबाचं ते राष्ट्रीय झाड आहे, त्यांच्या राजचिन्हावरही ते आहे. उंची साठ-सत्तर फूट सहज. शास्त्रीय नाव रॉयस्टोनिया रेजिया. यातला "रॉयस्टोन" म्हणजे जनरल रॉय स्टोन, पेशाने इंजिनियर आणि अमेरिकन सैन्यातला अधिकारी. १८९८ मध्ये तो पोर्टो रिकोत होता, आणि १९०० मध्ये कुक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळाला त्याचं नाव दिलं. फौजी माणसाचं नाव झाडाला लागलेलं पाहून मला बरं वाटतं, एवढंच. बाकी त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही.

आता खोड. आंबा, कडुलिंब, वड यांच्या सालीखाली एक जिवंत पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड घालत जातो, म्हणून खोड जन्मभर जाड होत राहतं. एखाद्या वर्षी उपासमार झाली तरी पुढच्या चांगल्या वर्षांत ते झाकलं जातं. पाममध्ये हा थरच नाही. पाम ज्वारी, ऊस, बांबू यांच्या जातकुळीतला, एकदल. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. पाण्याचा ताण पडला त्या महिन्यातली कांडी बारीक आणि आखूड पडते. नंतर कितीही पाणी द्या, खत द्या, वरची कांडी जाड होईल, ती बारीक पडलेली कांडी तशीच राहील. रॉयल पामचं खोड म्हणजे साठ फुटी ऊस समजा. जाडी ठरते ती शेंड्यात, पानांच्या गुंडाळीच्या आत, आणि झाडाची त्या वेळी जशी तब्येत असेल तशी ठरते.

उसापेक्षा त्याला थोडी सवलत आहे. खोडाच्या आतल्या पेशी पुढची काही वर्षं फुगत राहतात, त्यामुळे तरुण खोड थोडंफार भरतं. पण खोल पडलेली कंबर त्याने भरून निघत नाही. म्हणून मी म्हणतो, हे खोड म्हणजे झाडाचं सर्व्हिस रेकॉर्ड आहे. त्यात खाडाखोड करता येत नाही.

मग पोट? रोप लावल्यावर पहिली काही वर्षं ते उंच जातच नाही. जमिनीलगत नुसतं रुंद होत राहतं. आधी पाया, मग मजला. ही वर्षं लोकांना फार खटकतात. "तीन वर्षं झाली, वाढतच नाही" म्हणून युरिया ओततात. अहो, ते वाढतंय, फक्त आडवं वाढतंय. बुंधा पुरेसा रुंद झाला की खोड वर सरकायला लागतं, तेव्हा बुंध्याच्या वर थोडं निमुळतं होतं. पुढे मुळं लांबवर पसरली, डोक्यावर पंधराएक झावळ्यांचा पूर्ण पिसारा आला, भरपूर ऊन मिळालं की शेंडा जोरात काम करू लागतो आणि त्या काळातलं खोड जाड निघतं. तेच ते पोट. वर पुन्हा हळूहळू निमुळतं. या जातीचा हा स्वभावच आहे. ब्राझीलमध्ये रिओच्या बोटॅनिकल गार्डनमधली पामची रांग तुम्ही फोटोत पाहिली असेल. ती याच कुळातली, पण दुसरी जात, रॉयस्टोनिया ओलेरेसिया. तिचं खोड बुंध्याच्या वर सरळ खांबासारखं जातं. तो फोटो मनात धरून आपल्या झाडाला नावं ठेवू नका.

काळजी कशाची करायची? कमरेची. पोट, कंबर, पुन्हा पोट असा डमरूसारखा आकार असेल तर मधल्या काळात झाड अडचणीत होतं आणि नंतर सावरलं. पाणी तुटलं असेल, दुसऱ्या जागेवरून उपटून आणलं असेल, खत बंद झालं असेल. आणि कंबर थेट शेंड्याखालीच असेल, खोड पेन्सिलीच्या टोकासारखं बारीक होत गेलं असेल, तर अडचण आजही चालू आहे.

इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला फोटो पाठवले होते. कॉलनीत नऊ पाम, त्यांच्या सासऱ्यांनी पुढाकार घेऊन लावलेले. कमिटीने त्यातले चार तोडायचं ठरवलं होतं. कारण दिलं होतं, खोडं सुजली आहेत, पडतील. दोन आठवड्यांनी मीटिंग. मी फोटो पाहिले. चारांपैकी तीन झाडं उत्तम होती, मधोमध छान पोट, डोक्यावर भरगच्च झावळ्या. चौथ्याला पोट नव्हतंच. त्याची मान बारीक होत चालली होती आणि डोक्यावर मोजून सहा पानं. म्हणजे यादी बनवणाऱ्याने तीन निरोगी आणि एक आजारी, अशी सगळ्यांना एकच शिक्षा सुनावली होती.

त्यांना मी वलयं मोजायला सांगितली. झावळी गळते तेव्हा खोडावर गोल वलय राहतं, आणि धड झाड साधारण महिन्याला एक झावळी टाकतं. खोड बारीक व्हायला सुरुवात होते तिथपासून वरपर्यंत चोवीस वलयं भरली. म्हणजे दोन वर्षं. पण त्या जागेचं खोड ते पान गळायच्या बरंच आधी, शेंड्यात तयार झालेलं असतं, म्हणून पूर्ण पिसाऱ्याचे पंधराएक महिने त्यात आणखी धरायचे. सव्वातीन वर्षं झाली. हिशेब ढोबळ आहे, ताणात असलेलं झाड पानंही सावकाश टाकतं. पण बाईंना लगेच आठवलं. साधारण तेव्हाच बागेचं कंत्राट नव्या माणसाकडे गेलं होतं, आणि तो दर सणाला कोपऱ्यातल्या त्या झाडाच्या झावळ्या "साफ" करत होता, कारण खाली झोपाळा होता.

मी त्यांना लिहून दिलं ते असं. तीन झाडांना हात लावू नका. चौथ्याचा झोपाळा हलवा, झाड नको. छाटणी बंद, खत सुरू, पुढच्या पावसाळ्यानंतर नवी पानं बघून ठरवा. बारीक मान पुन्हा जाड होणार नाही. तिच्यावर मोठा पिसारा आला तर वादळात तिथून मोडण्याचा धोका राहतो, म्हणून खाली बसायची जागा, गाडी, खेळणं काहीही ठेवायचं नाही. बहुतेक शहरांत झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते हेही मीटिंगमध्ये वाचून दाखवा, असं सांगितलं. कमिटीने विषय वर्षभर पुढे ढकलला. तेवढं पुरे होतं.

छाटणीवर थोडं थांबतो, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. फौजेत आमच्याकडे विनोद होता, हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला चुना. जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन आलं की छावणीतल्या पामच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा आणि खालच्या झावळ्या उडवल्या जायच्या. चुन्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. झावळ्या उडवण्याने बिघडतं. पामला पालाश कमी पडलं की तो जुन्या पानातलं पालाश काढून नव्या पानाला देतो. खालचं पिवळं, टोकाला करपलेलं पान तुम्हाला कुरूप दिसतं, पण झाडाची ती शिधासामग्री असते. ते तोडलं की झाड त्याच्या वरच्या पानाला हात घालतं. तेही तोडलं की त्याच्या वरच्या. अशाने शेंडा उपाशी आणि खोड पेन्सिल. पूर्ण वाळलेली झावळी हा पाम स्वतःच टाकतो, सोलून द्यावी तशी, पोफळीसारखी. कोकणातल्या मंडळींना विरी माहीत आहे, तसाच रुंद जाड भाग हिच्या बुडाला असतो. क्यूबात त्यात तंबाखूचे गठ्ठे बांधतात. मात्र ही झावळी जड असते, डोक्यात पडली तर दवाखानाच. म्हणून हे झाड पार्किंगवर आणि पायवाटेवर लावूच नये. लावून झाल्यावर मग दरवर्षी छाटत बसण्यात अर्थ नाही.

खतासाठी आधी कोणतं पान बिघडलंय ते बघा. सगळ्यात जुन्या, खालच्या झावळ्यांच्या पात्या टोकाकडून सुकून चुरगळलेल्या दिसत असतील तर पालाश कमी. जुन्या झावळीची कडा पिवळीधमक आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. उलट, सगळ्यात नवं पान आखूड, फिकट, जळल्यासारखं कुरळं निघत असेल तर मँगनीज कमी. माळव्यातल्या, मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमी दिसतं, जमिनीत मँगनीज असूनही मुळांना ते मिळत नाही. उत्तरेत कडक थंडीत निघालेलं एखादं पान असं आलं तर घाबरू नका, पुढचं पान बघा. दुकानात जाताना नाव कागदावर लिहून न्या. मॅग्नेशियम सल्फेट आणि मँगनीज सल्फेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवरचा मुलगा हमखास पहिलं देतो.

सगळीकडे मिळणारं १९:१९:१९ या झाडाला योग्य नाही. याला नत्रापेक्षा पालाश जास्त हवं, स्फुरद अगदी थोडं, सोबत मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. पालाश कमी असताना नुसता युरिया दिला तर झाड हिरवं दिसतं आणि आतून आणखी पोकळ होतं. वर्षाचं खत तीन-चार हप्त्यांत द्या, बुंध्याशी ढीग न करता झावळ्यांच्या सावलीएवढ्या घेरात पसरून द्या आणि पाणी द्या. पाणी म्हणाल तर हा दमट, कधी कधी पाणी साचणाऱ्या मुलखातला गडी आहे. लावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्याला तहानलेलं ठेवलं तर कंबर पडलीच म्हणून समजा.

लावताना खोल लावू नका. नर्सरीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच. वारा लागतो म्हणून फूटभर जास्त गाडतात, मग मुळं गुदमरतात आणि झाड वर्षानुवर्षं कुढत राहतं. आधाराला बांबू बांधा, खिळा मारू नका. पामची जखम भरत नाही, तिच्यावर नवी साल येत नाही, आणि ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर तो गेंड्या भुंगा. शेणखताचा ढीग झाडाजवळ ठेवला असेल तर आधी तो हलवा, त्याची पिल्लावळ तिथे असते. झाडाला वाढीचा कोंब एकच, भुंग्याने तो खाल्ला तर झाड संपलं. बुंध्यापाशी गवत कापायचं यंत्र फिरवू देऊ नका. बुंध्यावर कडक, चकचकीत छत्रीसारखी बुरशी उगवली, तर मात्र तो खरा रोग, गॅनोडर्मा. नारळावर येणारी तंजावर विल्ट ती हीच. त्यावर खात्रीचा इलाज नाही, असं झाड मात्र जाणकाराला दाखवून काढावंच लागतं.

मला प्रश्न पाठवताना एकच फोटो पाठवू नका. चार पाठवा. पूर्ण झाड, थोडं लांबून. शेंड्याखालचा खोडाचा भाग. सगळ्यात जुनं पान. सगळ्यात नवं पान. आणि सुतळीने खोडाचा घेर मोजून कळवा, जमिनीपासून एक हात उंचीवर आणि तुमच्या छातीच्या उंचीवर. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजा.