दुखऱ्या गुडघ्याला हवी मांडीची ताकद

ऑगस्ट २०२२पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्टीपुढच्यांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहेच. पण कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर थोडा वेळ उभं राहून पाहावं. या मंडळींचा प्रवास अडतो तो गाडीच्या पहिल्या पायरीपाशी. एक हात दांडीला, दुसरा गुडघ्यावर, मागून कुणीतरी दिलेला आधार. कसंबसं वर पोचल्यावर उद्गार ठरलेला: "वय झालं, आता हे असंच चालायचं."

या एका वाक्याने घराघरांत फार नुकसान केलं आहे. वयाबरोबर सांधे कुरकुरतात, कंबर धरते, खांदा वर जात नाही, हे खरंच. पण ‘चालायचंच’ म्हटलं की उपाय शोधणं थांबतं. मग वर्षानुवर्षं तीनच गोष्टी होत राहतात: तेल चोळणं, दुखलं की गोळी घेणं आणि बसून राहणं. यातली पहिली बहुधा निरुपद्रवी, दुसरी जपून करण्याची. तिसरी मात्र घरातले सगळे अगदी मायेने सांगतात, आणि तीच दुखणं वाढवते.

गुडघ्याचंच घेऊ, कारण साठीनंतर सर्वाधिक तक्रार त्याची. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, ती पुरुषांपेक्षा जास्त. ‘गादी झिजली’, ‘गॅप कमी झाली’, ‘वंगण संपलं’ असे शब्द दवाखान्यातून घरी येतात आणि मनात पक्कं बसतं की गुडघा जितका कमी वापरू तितका टिकेल. शरीराचा कारभार वेगळा आहे. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं: पायावर भार आला की ती स्पंजासारखी दाबली जाते, भार हटला की द्रव शोषून घेते. हालचाल थांबली की ही देवघेवच मंदावते.

कूर्चेत वेदना कळवणारे चेतातंतूही नसतात. दुखणं येतं ते तिच्याखालच्या हाडातून, सांध्याच्या आवरणातून, आसपासच्या ताणलेल्या स्नायूंमधून. म्हणून एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. फिल्ममध्ये गुडघा पार बिघडलेला दिसूनही आरामात बाजारहाट करणारे लोक आहेत, आणि फिल्म बरी असूनही जिना चढताना रडकुंडीला येणारेही आहेत. नुसती फिल्म पाहून ‘आता मांडी घालायची नाही, जिना चढायचा नाही, फिरायला जायचं नाही’ अशी यादी देणं हा अर्धाच सल्ला झाला. उरलेला अर्धा मांडीत आहे.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा रखवालदार. पाऊल टाकताना बसणारा हादरा तो झेलतो, खुर्चीतून उठताना शरीर तो उचलतो. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अंथरुणाला खिळल्यावर तर विचारूच नये. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण ६७ वर्षं वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधले सुमारे एक किलो स्नायू गेले. आजार नव्हता, दुखापत नव्हती, फक्त विश्रांती होती. आपल्याकडे साधा ताप आला तरी आजीला आठवडाभर ‘पडून राहा’ म्हणतात. नंतर ती उठताना लटपटते आणि दोष वयाला जातो.

गेलेलं परत येतं का? याचं उत्तर १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासाने दिलं. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षं वयाच्या दहा अशक्त रहिवाशांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वजन हलकं नव्हतं. ज्याला जेवढं जमेल त्याच्या पुष्कळ जवळ जाणारं होतं. ज्यांनी आठ आठवडे पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. चालण्याचा वेगही सुधारला. नव्वदीत हे होत असेल, तर अडुसष्टाव्या वर्षी ‘आता काय उपयोग’ म्हणणं घाईचं आहे.

डेन्मार्कने हे ज्ञान गावोगावच्या दवाखान्यांत नेलं. २०१३ पासून तिथे गुडघे आणि खुबे दुखणाऱ्यांसाठी एक ठरावीक कार्यक्रम चालतो: आधी दुखणं समजावून सांगणारे वर्ग, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रं. त्यात वेदनेबद्दल एक सोपा नियम शिकवतात. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. ते सोसवण्याजोगं असावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळच्या पातळीवर यावं. तसं आलं नाही तर व्यायाम थांबवायचा नाही, कमी करायचा. हा नियम कळला की ‘दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटलं’ ही भीती निघून जाते, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

घरी सुरुवात करायला सामान लागत नाही. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली पक्की खुर्ची घ्यावी, हात छातीशी दुमडावेत, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते कुणालातरी शेजारी उभं करून मोजावं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांना १२ आणि बायकांना १० वेळा जमलं नाही, तर पायांची ताकद वयाच्या मानानेही कमी आहे आणि पडण्याचा धोका आहे, असं वैद्यक मानतं. गंमत म्हणजे जी परीक्षा तोच उपचार. रोज उठबस करावी. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा, खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि पाच सेकंद ती खाली दाबावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावा. सकाळी बागेत फेऱ्या मारणारे पुष्कळ आहेत. ताकदीचा भाग मात्र जवळजवळ सगळेच गाळतात.

पुण्याला तर याचं उदाहरण घरातच होतं. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये उघडलेल्या संस्थेत दोर, खुर्च्या, लोड, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं शिकवली जात. ज्याचं शरीर जितकं वाकेल तितकंच, पण नेमकं. २०१४ मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचं निधन झालं आणि नव्वदीतही त्यांचा सराव सुरू होता. सगळ्यांनी तसं करावं असं कुणी म्हणणार नाही. ‘मला खाली बसता येत नाही, म्हणून माझ्यासाठी व्यायाम नाही’ ही समजूत मात्र तिथल्या खुर्च्यांनी कधीच मोडीत काढली आहे.

आता गोळीकडे. दुखण्याच्या गोळ्या वाईट नाहीत. तीव्र दुखण्यात काही दिवस घेतल्या तर माणूस हिंडता-फिरता राहतो. धोका आहे तो मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेण्यात. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधं पोटात व्रण करू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच सुरू असेल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडावर घाव घालतात. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन भारतातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचं शरीर ते औषध गिधाडापेक्षा पुष्कळ चांगलं सोसतं, तरी ऐंशीतलं मूत्रपिंड पंचविशीतलं नसतं. गुडघ्यावर चोळायचं याच औषधाचं जेल तुलनेने सुरक्षित असतं आणि अनेकांना पुरतं. आणि ‘एका पुडीत गुडघे मोकळे’ असं सांगणाऱ्या बेनामी पुड्यांच्या वाटेला जाऊच नये. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. आराम लगेच पडतो, आणि साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं मागाहून कळतं.

महागड्या ग्लुकोसामीनच्या डब्यांवरही बरेच पैसे जातात. २००६ मध्ये अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा एकंदर फायदा बिनऔषधी गोळीपेक्षा ठळक दिसला नाही. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याच्या शस्त्रक्रियेची कहाणी तर अधिक बोलकी. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांपैकी काहींना खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले. कुणाला काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता.

संपूर्ण सांधा बदलणं ही मात्र वेगळी आणि खरोखर उपयोगी शस्त्रक्रिया आहे. २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि पुढच्या वर्षी उजवा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, आणि हा उपचार घरोघरी माहीत झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड होतं आणि व्यायाम, वजन, औषध हे सगळं मनापासून करूनही फरक पडत नाही, तेव्हा तो जरूर करावा. मांड्या आधी बळकट केलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरतो, त्यामुळे आधी केलेला व्यायाम तेव्हाही वाया जात नाही.

वजनाचा हिशेब छोटा पण मोलाचा आहे: अंगावरचं एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला साधारण चार किलोंनी घटतो. मात्र वजन घटवताना जेवण तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे वय झालेल्यांचं रात्रीचं जेवण हळूहळू चहा-पोळी, खिचडी, दूध-भात यांवर येतं. वृद्धांना रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. मटकीची उसळ, पिठलं, दही, मासळी, दाण्याचं कूट असं काहीतरी प्रत्येक जेवणात असल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही. घरात सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी बाई तर तो कधीच गाठत नाही.

काही दुखणी वयावर ढकलू नयेत. सांधा गरम, लाल आणि सुजलेला असेल, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठावा.

मुलासुनांनी आईच्या हातातलं प्रत्येक काम प्रेमाने काढून घेऊ नये. दळणाचा डबा तुम्ही उचला, पण भाजी आणायला तिला जाऊ द्या. न्हाणीघरात धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी चटई मात्र आजच बसवा. आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाचीही चिठ्ठी मागून घ्या. जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय असते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.