कोठ्यातून आलेला ताप

भंडाऱ्यात धानाच्या बांध्या आणि घराला लागून असलेला जनावरांचा कोठा हे एकच बिऱ्हाड. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, वार अडकते. घरातलाच कोणीतरी उघड्या हाताने ती ओढून काढतो आणि गाभ उकिरड्यावर टाकतो. काही आठवड्यांनी त्यालाच सांजच्याला ताप भरतो, रात्री घाम फुटतो, कंबर-सांधे धरतात. मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्या होतात. कोठ्याची चौकशी मात्र होत नाही.

या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. त्याचा इतिहासही असाच माणसांच्या आणि जनावरांच्या दोन दवाखान्यांत विभागलेला. 1887 मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांना तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत जंतू सापडला. 1897 मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी गाभ टाकणाऱ्या गाईंमधला जंतू शोधला. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी माल्टाच्या तापाचं मूळ बकऱ्यांपर्यंत नेलं. सैनिक त्यांचंच कच्चं दूध पीत होते. तरी ब्रूस आणि बँग यांचे जंतू एकाच कुळातले आहेत, हे अ‍ॅलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये मांडलं, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावलं.

आपल्याकडे दूध उकळण्याच्या सवयीने एक वाट बुजवली. वार, गर्भजल आणि स्राव यांची वाट उघडीच राहिली.

भारतात ब्रुसेलोसिस नियंत्रणाचा केंद्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला. सप्टेंबर 2019 मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस आणि कानात 12 अंकी पिवळा बिल्ला. लस जिवंत जंतूंची, म्हणून टोचणाऱ्यालाही जपावं लागतं. शेजारच्या नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 पासून. 11 डिसेंबर 2022 रोजी तिथेच माणूस आणि जनावर यांचे आजार एकत्र अभ्यासणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक पाहुणा येतो, लेप्टोस्पायरोसिस. उंदरांप्रमाणेच गुरांच्या मूत्रपिंडातही त्याचा जंतू दडून राहतो. मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि चिखलात दिवसभर उभ्या बायांच्या पायांच्या भेगांतून आत शिरतो.

मागे वळून पाहिलं तर शोध, लस, मोहीम, संस्था यांपैकी काही अडलेलं नाही. अडलंय ते गावात. ब्रुसेलोसिसला निदान 6 आठवडे दोन-दोन औषधं घ्यावी लागतात, आणि ती सुरू व्हायला आधी संशय तर यायला हवा. गाभ टाकला तर हातमोजे घालून तो चुन्यासह खोल पुरणं, ही कोठ्यातली कामगिरी. आणि तापाच्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात एक साधा प्रश्न विचारायचा: घरी एवढ्यात कोणत्या जनावरानं गाभ टाकला का?